घडीवाल्याची शिदोरी

शंकरपटावरचे तुमचे सगळ्यात चांगले आणि सगळ्यात वाईट दिवस लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी हरखून गेलो. मला कोणी काही लिहायला सांगेल, असं या वयात वाटलं नव्हतं. मग कागद घेऊन बसलो आणि अडचण लक्षात आली. बावीस हंगाम मी पटावर उभा राहिलो आणि त्यात एकही शर्यत मी पाहिलेली नाही.

थट्टा करत नाही. मी पटावरचा घडीवाला होतो. जोड्यांची वेळ धरणं हे माझं काम. मुंबई-पुण्याकडे घोडे पळतात आणि लोक दुर्बिणीतून पाहतात, असं ऐकून आहे. आमच्या वऱ्हाडात बैल पळतात. पिकं घरात आली की संक्रांतीपासून होळीपर्यंत गावोगावी पट भरतो. शेतातली एक लांब सरळ पट्टी नांगरून, दगड वेचून, पाणी मारून तयार करतात. हलक्या छकड्याला दोन बैल, वर एक धुरकरी, म्हणजे हाकणारा. आमच्या पटात एका वेळी एकच जोडी सुटायची. तिची शर्यत दुसऱ्या जोडीशी नाही, घडीशी. ज्या जोडीला कमी वेळ लागला ती पहिली.

सुटायच्या जागी झेंडीवाला असतो. शेवटाला आडवं सूत बांधलेलं असतं आणि सुताजवळ घडीवाला. झेंडी खाली आली की घडी चालू करायची. त्यानंतर पट्टीकडे पाहायचं नाही, कारण धावत्या बैलांकडे पाहिलं की माणूस त्यांच्यात अडकतो आणि बोट चुकतं. नजर सुतावर ठेवायची. बैलाचं नाक सुताला लागलं की घडी बंद. झेंडी आणि सूत यांच्या मधे जे काही घडतं, ज्यासाठी लोक भाकरी बांधून वीस-वीस कोसांवरून येतात, ते मी फक्त कानांनी ऐकलं. खुरांचा आवाज, धुरकऱ्याची आरोळी, लोकांचा गलका, आणि मग सूत तुटलेलं.

मूळचा मी घडीसाज, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा. कारंज्याच्या बाजारात माझं छोटं दुकान होतं. एका हिवाळ्यात एक म्हातारे गुरुजी बंद पडलेली स्टॉपवॉच घेऊन आले. पटावर वेळ धरायचं काम तेच करत. घडी मी नीट केली. ती तपासायला गुरुजींनी चालू-बंद करून पाहिली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की घडी बरोबर आहे, गुरुजींचं बोट उशिरा पडतं आहे. मी ते बोललो. लहान तोंडी मोठा घास होता, पण गुरुजी रागावले नाहीत. पुढच्या पटाला त्यांनी मलाच नेलं आणि घडी माझ्या हातात दिली. अंगठ्यानं दाबायचं नाही, अंगठा आळशी असतो, पहिल्या बोटानं दाबायचं, एवढंच शिकवलं. आणि एक नेम सांगितला. हंगामभर कोणत्याही बैलमालकाच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. पाणीसुद्धा आपलं आपण न्यायचं.

हा नेम ऐकायला सोपा आहे. पटावर जेवण म्हणजे काय असतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला तो कळणार नाही. दुपारी शर्यती थांबल्या की प्रत्येक जोडीच्या झाडाखाली पंगत बसते. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात. आणि मी एका बाभळीखाली एकटा, फडक्यात बायकोनं बांधून दिलेली ज्वारीची भाकर आणि पिठलं. सुरुवातीला लोक येऊन आग्रह करायचे. मग सवय झाली त्यांना. "घडीवाले भाऊ नाई जेवत कोनाचं," असं पोरासोरांनाही ठाऊक झालं, आणि कोणी विचारेनासं झालं. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो. पण बावीस वर्षं हजारोंच्या जत्रेत एकट्यानं जेवलेला माणूस मी आहे, आणि ते कधी गोड लागलं नाही, हेही लिहून ठेवतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असायची. मंगरूळकडचे एक पाटील पटाच्या आधी दुकानात आले आणि मनगटावरचं घड्याळ काढून दुरुस्तीला दिलं. मी उघडलं, तर आत सगळं ठणठणीत. मी म्हटलं, पाटील, याला काही झालेलं नाही. ते हळूच म्हणाले, असू द्या ना तुमच्यापाशीच, पट झाल्यावर पाहू. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ते घड्याळ पुसून, तेल घालून, त्यांच्यादेखत त्यांच्याच मनगटावर बांधून दिलं. त्या वर्षी त्यांची जोडी नववी की दहावी आली. "तुमाले बेइमानी बी जमत नाई, कायचे घडीसाज," असं मला ऐकवून गेले.

चांगला दिवस विचारला आहे, तर एक सांगतो. शिरपूर जैनच्या अलीकडे एका गावी पट होता. एका गरिबाची जोडी, एक बैल भुरा, एक काळा, उंचीतसुद्धा सारखे नव्हते. झेंडी पडली, मी घडी चालू केली, आणि लोक हसायला लागले. हाकणारा तो मालकच, सुटतानाच छकड्यावरून खाली पडला होता. बैलांना ते कळलंच नाही. ते नाकासमोर पळत आले, सूत तोडलं आणि पलीकडे जाऊन आपसूक उभे राहिले, मान वळवून मालकाची वाट पाहत. घडी पाहिली तर त्या दिवसातला सगळ्यात कमी वेळ. पण धुरकऱ्याशिवाय आलेली जोडी धरत नाहीत. मी तो वेळ कोणालाच सांगितला नाही. तो माणूस लंगडत, कपडे झटकत आला तेव्हा मात्र मला राहवलं नाही. घडी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्याला आकडे वाचता येत होते की नाही कोण जाणे, पण त्यानं दोन्ही बैलांच्या गळ्यात हात टाकले आणि तो रडला. मीही थोडा रडलो. असा दिवस परत आला नाही.

वाईट दिवस खूप. अवकाळी पावसानं मोडलेले, बैल गर्दीत शिरलेले. धुरकऱ्याच्या हातातल्या काठीला खिळा असायचा, बैलाला टोचायला. सूत तुटल्यावर मागे रक्ताचे थेंब दिसायचे आणि मी नजर सुतावर ठेवायचो. पुढे न्यायालयानं पट बंद केले तेव्हा सगळे चिडले. मी गप्प राहिलो, कारण ते थेंब मी सगळ्यांपेक्षा जवळून पाहिले होते.

पण ज्या दिवसासाठी हे लिहायला बसलो तो वेगळा आहे.

नामदेव माझा दोस्त. तो धनजचा, मी कारंज्याचा. आठवीपासून एका बाकावर बसलो. पुढे त्यानं शेती केली, मी घड्याळं. दर बाजाराला तो दुकानात यायचा, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचा आणि मी डोळ्याला भिंग लावून काम करत असताना तासभर बोलायचा. त्याच्या घरी गाईला गोऱ्हा झाला आणि आठवड्यात गाय मेली. नामदेवनं आणि कांतावहिनींनी त्या गोऱ्ह्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. नाव ठेवलं पाखऱ्या. पाखऱ्याच्या एकेका दाताची बातमी मला स्टुलावरून मिळत गेली. तो पटाला पळायला लागला तेव्हा नामदेवच्या हातात काठी नसायची. नुसतं "पाखऱ्याऽ" म्हटलं की बैल निघायचा, जोडीदाराला ओढत.

नामदेव पटात उतरला तेव्हा मी त्याला सांगितलं, तुझ्या घरी हंगामात येणार नाही, तुझं काही खाणार नाही. तो हसला. म्हणाला, होळीनंतर ये, तेव्हा कसर काढू. तीन वर्षं असंच चाललं. त्या तीन वर्षांत त्याची जोडी चांगली पळायची, पण पहिली कधी आली नाही.

चौथ्या वर्षी एका मोठ्या पटात त्याची जोडी शेवटच्या फेरीत पोचली. तोपर्यंत पुसदकडची एक जोडी सात सेकंद तीन पॉइंटवर पहिली होती. पॉइंट म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. शेवटची सुटणार होती नामदेवची जोडी. माइकवर बोलणारा गडी मोठा मिस्कील. तो म्हणाला, "आता जोडी येऊन राह्यली धनजच्या नामदेवची. घडीवाले भाऊ, दोस्त हाये तुमचा, जरा सांभाळून." लोक खदखदून हसले. पुसदवाले हसले नाहीत. ते चौघं-पाचजण उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

झेंडी पडली. मी घडी चालू केली आणि नजर सुतावर लावली. मागे त्या माणसांचे श्वास ऐकू येत होते. खुरं आली. पाखऱ्याचं नाक सुताला लागलं, हे मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि माझं बोट थांबलं. दोस्ताला दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून, अगदी खात्री व्हावी म्हणून, सूत तुटून खाली पडेपर्यंत ते थांबलं. बाकी एकाही जोडीला मी असं थांबलो नव्हतो. मग दाबलं.

सात सेकंद चार पॉइंट.

मी आकडा सांगितला. माझा आवाज ठाम होता, याचंच मला आजही नवल वाटतं. पुसदवाले नाचायला लागले. नामदेव छकड्यावरून उतरून माझ्याकडे आला. घाम पुसत त्यानं एवढंच विचारलं, "घडी म्हन्ते?"

मी म्हटलं, "हो."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि पाखऱ्याची पाठ थोपटायला गेला.

तेवढ्यावर भागलं नाही. बक्षिसं वाटताना कमिटीनं मला मंचावर बोलावलं. ज्यानं दोस्तालाही सोडलं नाही असा इमानदार माणूस, म्हणून शाल आणि नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नामदेवही वाजवत होता. बावीस वर्षांत मी एकदाच बेइमानी केली आणि त्याच वेळी माझा सत्कार झाला. शाल घरी नेऊन ट्रंकेच्या तळाशी टाकली. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोकं दुखतं.

होळी झाली. नामदेवकडे जेवायला जायचं होतं, मी काहीतरी सबब सांगितली. तो बाजाराला येत राहिला, स्टुलावर बसत राहिला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला त्याच्याकडे पाहवेना. मी भिंग डोळ्याला लावून मान खाली घालून बसायचो, हूं-हूं करायचो. एखादं घड्याळ विनाकारण खोलायचो. हळूहळू तो अर्धा तास बसू लागला, मग पाच मिनिटं. एके दिवशी स्टूल कोपऱ्यात सरकवून मी त्यावर जुन्या पट्ट्यांचा डबा ठेवला. त्यानंतर तो बाहेरूनच हात करून जायचा. लोकांना वाटलं, हरला म्हणून नामदेव रुसला. मी ते खोडून काढलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, मी तर बोंबही मारली नाही, नुसता गप्प बसलो.

मग पट बंद झाले. बऱ्याच जणांनी बैल विकले. नामदेवनं पाखऱ्या विकला नाही, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तो नांगराला जुंपत नव्हता, नुसता बांधून खाऊ घालत होता म्हणे. इकडे मोबाइल आले आणि हातातली घड्याळं गेली. दुकानात दिवस-दिवस कोणी फिरकत नसे. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. बायको गेली तेव्हा तेरवीला नामदेव आला. माझ्या शेजारी बराच वेळ बसला. तेव्हा सांगता आलं असतं. पण त्या दिवशी त्याला आणखी एक दुःख कशाला द्यायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे हिंमत झाली नाही.

दुकान मी बंद केलं. आता खोलीत सात-आठ भिंतीवरची घड्याळं आहेत, लोक न्यायला आलेच नाहीत अशी. सगळ्यांना रोज चावी देतो. ती एकदम वाजू लागली की शेजारीण ओरडते, "भाऊ, बंद करा ना एखादी." करत नाही. घरात तेवढाच आवाज असतो.

पट परत सुरू झाले. नियम आले, खिळ्याची काठी गेली, जनावरांचे डॉक्टर आले. आणि माझी जागा एका डब्यानं घेतली. सुताच्या जागी आता किरण असतो, डोळ्यांना न दिसणारा. बैलानं तो ओलांडला की मोठ्या फलकावर आकडे उमटतात. मागच्या माघात एका पटाला मला जुना माणूस म्हणून बोलावलं. पाव्हण्यांच्या खुर्चीत बसवलं. झेंडी पडली आणि सवयीनं माझी नजर सुताकडे गेली. तिथे सूतच नव्हतं. म्हणून मी पट्टीकडे पाहिलं.

सत्तरीला टेकल्यावर मी पहिली शर्यत पाहिली. दोन बैल पोट जमिनीला लागेल इतके ताणून, धुळीच्या पुढे पुढे येतात, आणि एका क्षणी आठपैकी एकही पाय खाली नसतो. हे नामदेव मला स्टुलावरून किती वेळा सांगत असे. मी शेजारी वळलो, सांगायला. शेजारी बसलेला कोणी साहेब मोबाइलमधून शूटिंग करत होता. डब्याच्या फलकावर आकडे आले. कोणाची जोडी, कोणाचा दोस्त, मागे कोण उभं आहे, त्या डब्याला त्याचं काही नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला. पंगतीत मला आग्रहानं बसवत होते. आता नेम कशाचा, घडीच नाही. तरी घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं धनजला गेलो.

नामदेव ओसरीत खाटेवर बसला होता. गुडघे गेलेत त्याचे. मला पाहून त्याला आनंद झाला, आणि तो लपवणं त्याला जमलं नाही. कांतावहिनींनी पाणी दिलं, ते मी प्यालो. त्यांनी घरामागच्या शेताच्या धुऱ्यावरचा कडुनिंब दाखवला. पाखऱ्या तिथे आहे, म्हणाल्या, दोन वर्षं झाली, यांनी खड्डा खोदायला दुसऱ्याला हात लावू दिला नाही.

मी बसलो आणि सांगितलं. सगळं. पुसदवाले मागे उभे होते ते, नाक लागलेलं दिसलं ते, बोट थांबलं ते. शालीचंही सांगितलं. सांगताना मी जमिनीकडे पाहत होतो, त्यामुळे त्याचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही.

नामदेव म्हणाला, "तवाच काहून नाई सांगतलं?"

"भ्यालो," मी म्हटलं.

"मले?"

"नाई. लोकाइले."

त्यानं आत आवाज दिला, यांना जेवायला वाढ. वहिनींनी ओसरीत पाट मांडला आणि विचारलं, तुमचंही वाढू का सोबत. नामदेव म्हणाला, "नको. तो एकटाच जेवते."

एकच ताट आलं. भाकर, पिठलं, कांदा. मी पाटावर बसलो. उठून जाता आलं असतं, पण हे ताट वीस वर्षांपासून माझ्यासाठी थांबलेलं होतं आणि मला ते हवं होतं. मी पहिला घास मोडला.

खाटेवरून त्यानं विचारलं, "किती थांबला होता?"

असं विचारणारा जगात तो एकटाच. दुसऱ्या कोणी शिवी दिली असती. आणि उत्तर देऊ शकणारा मी एकटा. बावीस वर्षं बोटानं काम केलेल्या माणसाला आपलं बोट किती थांबलं ते कळतं.

"दोन पॉइंट," मी म्हटलं.

त्यानं ओठातल्या ओठात हिशेब केला. सात-चारातून दोन गेले, सात-दोन. पुसदचे सात-तीन.

"म्हंजे जिकला होता तो," नामदेव म्हणाला.

मी मान डोलावली. तो खाटेला हात टेकून उठला, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि घरामागच्या वाटेनं, एकेक पाय उचलत, कडुनिंबाकडे निघाला. मी हातातला घास ताटात ठेवला आणि उठायला लागलो. वहिनींनी मला हातानं थांबवलं.

"जाऊ द्या त्याइले," त्या म्हणाल्या. "सांगू द्या त्याले. तुमी जेवा."

मी जेवलो. शेवटचा घास होईपर्यंत तो परत आला नव्हता. मनगटावर घड्याळ होतं, भिंतीवरही एक होतं. त्याला यायला किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही.